वाचकांचे प्रश्न: कश्यपाला एवढी घाई कसली होती?

प्रश्न: श्रीलंकेत सिगिरियाचा तो प्रचंड खडक बघितला, गाईड म्हणाला कश्यप राजाने बापाला मारून गादी बळकावली आणि मग इथे वर राजवाडा बांधला. पण तोही राजपुत्रच ना, आज ना उद्या राज्य मिळालंच असतं की! तिथे बापानंतर मुलगा असा नियम नव्हता का?

उत्तर: राजपुत्र होता, पण आई राजघराण्यातली नव्हती, तिथेच गाडं अडलं. धाकटा मोग्गल्लान राणीचा मुलगा, त्यामुळे बापानंतर, म्हणजे धातुसेन राजानंतर, तोच बसणार हे सगळे धरून चालले होते. पण माझ्या मते या प्रकरणात खरा डेंजर माणूस मिगारा. हा सेनापती, राजाचा भाचा आणि जावईपण, म्हणजे मामाचीच मुलगी केलेली. त्याने बायकोला चाबकाने मारलं, तिचे रक्ताळलेले कपडे बापाने बघितले आणि सूड म्हणून मिगाराच्या आईला, म्हणजे स्वतःच्या बहिणीला, जिवंत जाळलं! झालं, मिगारा कश्यपाला जाऊन मिळाला, इ.स. ४७३ च्या सुमारास राजाला कैदेत टाकलं, वर हा कान भरतोय की म्हाताऱ्याने खजिना मोग्गल्लानसाठी लपवलाय. खजिना दाखव म्हटल्यावर धातुसेन त्यांना स्वतः बांधलेल्या कालवेव तलावावर घेऊन गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला माझी दौलत ती एवढीच. मग त्याला भिंतीत चिणलं. अर्थात ही हकिगत चूळवंस या श्रीलंकेच्या जुन्या इतिहासग्रंथातली, तो भिक्षूंनी लिहिलेला, बापाला मारणाऱ्याबद्दल ते काही चांगलं लिहिणार नव्हतेच.

आता नियमाचं. बरेचदा राजानंतर भाऊ बसायचा, भाऊ संपले की थोरल्या भावाचा मुलगा. ऐकायला ठीक आहे, पण शेवटच्या भावालाही मुलगा असतोच ना, तो पुतण्याला सुखासुखी गादी कशी देईल? आणि दरबारी लोक तर कोणालाही बसवायचे. इसवी सनापूर्वी सद्धातिस्स राजा वारला तेव्हा मंत्र्यांनी त्याच्या धाकट्या मुलाला, थूलथनला बसवलं, थोरला लंजतिस्स हे कळल्यावर चालून आला आणि धाकट्याचं राज्य १ महिना १० दिवसांत आटोपलं.

हरलेला बहुतेक वेळा समुद्र ओलांडून दक्षिण भारतात पळायचा आणि फौज घेऊन परत यायचा. मोग्गल्लानने तेच केलं, ४९५ मध्ये आला, लढाईत कश्यपाचा हत्ती पुढे दलदल बघून वळला, सैन्याला वाटलं राजा पळतोय, सगळे फुटले आणि कश्यपाने स्वतःच गळा चिरून घेतला. पुढे ७ व्या शतकात मानवम्म हा तिथलाच राजपुत्र तर कांचीला पल्लवांकडे राहिला, चालुक्यांविरुद्ध पल्लव राजा नरसिंहवर्मनच्या बाजूने लढला (हो, आपल्या इतिहासात येतो त्याच पुलकेशीविरुद्ध), आणि त्या बदल्यात पल्लवांचं सैन्य मिळवलं. तरी पहिल्या वेळी हात हलवत परतावं लागलं, गादी मिळाली ती दुसऱ्या खेपेला.