निपाणीहून थेरपीसाठी बेळगावात खोली घेऊन राहावं का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगा साडेतीन वर्षांचा, कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलाय, शब्द तीन-चारच, मोबाईल काढून घेतला की फरशीवर डोकं आपटून घेतो. एका सेंटरवाल्यांनी सांगितलंय की बेळगावला आठवड्याचे पाच दिवस, रोज तीन तास आणा, पाच वर्षांच्या आत झालं तर झालं, आणि घरात आजपासून फक्त इंग्लिश बोला. सासूबाई म्हणतात, ह्याचा बाप पण उशिराच बोललाय, दवाखाने कशाला. मिस्टर कागल एमआयडीसीत शिफ्टला. आणि तुम्ही विचारताय, शिवणकाम बंद करून पोराला घेऊन बेळगावात खोली करून राहू का?

नका राहू. थेरपी नको असं मी म्हणत नाही. थेरपी हवीच, आणि लवकर सुरू केली तर फायदा जास्त हेही खरं. पण जी थेरपी आईबापाला काही शिकवत नाही तिचा उपयोग सेंटरच्या दारापर्यंतच, हे माझं ठाम मत आहे. आम्ही खानापूर तालुक्यातले, आमचा मुलगा आता विशीत आहे, त्याच्यामागे आजवर किती सेंटरं, किती घरं बघितली, त्यावरून सांगते.

साडेतीन वर्षांचं पोर दिवसाचे बारा तास तरी जागं असतं. ऑटिझम असलेल्या मुलाला एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं अवघड जातं. सेंटरच्या टेबलावर 'पाणी' म्हणणारा मुलगा घरातल्या माठासमोर गप्प उभा राहतो, कारण तो शब्द त्याच्या लेखी त्या टेबलाचा असतो. म्हणून जे जिथं लागतं ते तिथंच शिकवावं लागतं. तहान लागते स्वयंपाकघरात, शी लागते मोरीत, आणि तिथं तुम्ही असता.

हे तासांचं गणित कुठून आलं तेही सांगते. अमेरिकेत इव्हार लोवास या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये एक अभ्यास छापला. १९ लहान मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास एकेकटं बसवून शिकवलं, त्यातली ९ मुलं पुढे साध्या वर्गात शिकू लागली. तेव्हापासून 'जितके तास जास्त तितकं चांगलं' हे सगळीकडे पसरलं. दोन गोष्टी मात्र मागे पडल्या. एक, त्या कामात आईवडिलांनाही शिकवून तयार केलं होतं, म्हणजे घरीही तेच चालू राहायचं. दोन, त्यात मुलांना मोठ्यानं दटावणं आणि मांडीवर चापट मारणंही होतं. त्या पद्धतीवर पुढे कडक टीका झाली, मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांनीही केली, आणि ती बरोबरच होती. आज चांगले थेरपिस्ट खेळात, जेवणात, अंघोळीत शिकवतात, मुलाच्या आवडीच्या मागे जाऊन.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, ६५ कुटुंबं होती. मोठे तज्ज्ञ नाहीत, साधे शिकवून तयार केलेले कार्यकर्ते. ते आई आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ काढायचे आणि आईबरोबर बसून बघायचे: इथं त्यानं तुमच्याकडे बघितलं, इथं तुम्ही थांबलात म्हणून तो पुढे आला. आईबापांचं मुलाशी वागणं त्याच्या कलानं होऊ लागलं आणि मुलं आपणहून बोलायला, खुणवायला जास्त पुढे येऊ लागली. चोर्ल्याच्या घाटापलीकडे जमलं ते निपाणीच्या खेड्यात न जमण्यासारखं काही नाही.

आता आजपासून करण्यासारखं. चिरमुरे आवडतात ना त्याला? घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत भरा आणि त्याला दिसेल पण उघडता येणार नाही अशी ठेवा. तो तुमचा हात धरून बरणीवर नेऊन ठेवेल. लगेच उघडू नका. त्याच्या उंचीला बसा, बरणी आपल्या तोंडाजवळ धरा, आणि मनात पाच अंक मोजा. तो बघेल, कुरकुरेल, एखादा आवाज काढेल. काहीच नाही केलं तर त्याचा पंजा उलगडून पुढे करा आणि तुम्हीच म्हणा, 'दे'. म्हणा आणि तत्काळ द्या, पण चिमूटभर. वाटी भरून दिलीत तर एकदाच मागेल, चिमटीनं दिलेत तर वीस वेळा मागेल, आणि प्रत्येक मागणं हाच धडा. शब्द आला नाही तरी हात पुढे आला की द्या. बोललाच पाहिजे म्हणून अडवून धरायचं नाही, आणि जेवणाचं ताट तर कधीच अडवायचं नाही. हा खेळ खाऊपुरताच. 'नको' ची खूणही आत्ताच शिकवा, मान हलवणं किंवा हातानं बाजूला सारणं. नको म्हणता आलं की चावणं, आपटणं पुष्कळ कमी होतं.

दुसरी गोष्ट, रडण्याआधी काय झालं आणि रडल्यावर काय मिळालं, ते आठवडाभर वहीत लिहा. दोनच रकाने पुरेत. कुणाचं लक्ष हवंय, वस्तू हवीय, नकोशा कामातून सुटका हवीय, का अंगाला, कानाला काहीतरी सोसत नाहीये, ह्यातलं एक कारण बहुतेक वेळा निघतंच. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते ती जातेच. आमचा मुलगा तेव्हा तासन् तास पंख्याकडे बघत पडायचा. लाइट गेली, पंखा थांबला, की स्वतःचं मनगट चावायचा, रक्त येईपर्यंत. घरातल्यांना तो हट्ट वाटायचा. थेरपिस्टनं सांगितलं, पंखा कधी थांबेल ते त्याला कळत नाही, त्याची भीती आहे ही. मग भर दिवसा, तो खुशीत असताना, त्याच्या हातात बॅटरी द्यायची, 'लाइट गेली, बॅटरी लाव' म्हणायचं, मेन बंद करायचा आणि त्यानं तोंड वेडंवाकडं करायच्या आत चालू करायचा. मग थोडं जास्त वेळ बंद ठेवायचा, मग त्याहून जास्त. अंधारात भिंतीवर बॅटरीचा गोल फिरवायला त्याला आवडायला लागलं. आता लाइट गेली की बॅटरी तोच शोधून आणतो आणि आजोबांच्या खाटेजवळ नेऊन ठेवतो.

तुमच्या मोबाईलचं प्रकरण वेगळं आहे, तिथं वस्तू हवीय. हातातून ओढून घेऊ नका. दोन गाणी झाली की ठेवायचा, हे आधी सांगा, बोटं दाखवा, आणि मोबाईल त्याच्याच हातानं डब्यात ठेवायला लावा. ठेवला की लगेच दुसरं आवडीचं काहीतरी, पाण्याची बादली, झोका, जे असेल ते. सुरुवातीचे काही दिवस रडणं वाढेल, ती रीतच आहे. त्या वेळी डोक्याखाली उशी किंवा तुमचा तळहात, तोंडानं ओरडणं नाही, समजावणं नाही. मात्र दहा मिनिटांनी कंटाळून कुणी मोबाईल दिला तर दहा मिनिटं रडायचं असतं एवढंच तो शिकेल. मार लागण्याइतकं आपटत असेल तर हे एकट्यानं करू नका, थेरपिस्टला समोर घेऊनच करा.

आणि मोबाईल देणार कोण? सासूबाई. त्यांच्याशी भांडून काही होणार नाही. नातवाचं रडं त्यांना बघवत नाही एवढंच त्यात आहे. त्यांना एक काम नेमून द्या. रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन एकच बडबडगीत म्हणायचं आणि शेवटच्या शब्दाआधी थांबून त्याच्या तोंडाकडे बघायचं. ज्या दिवशी तो शब्द त्याच्या तोंडून येईल त्या दिवसापासून दवाखान्याला नेताना पिशवी त्याच भरतील. असं होताना मी बघितलंय.

भाषेबद्दल मला राग येतो, म्हणून स्पष्ट लिहिते. घरात मराठी बंद करू नका. दोन भाषा ऐकल्यामुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तुमच्या सासूबाई इंग्लिशमध्ये काय बोलणार त्याच्याशी? तुम्ही तरी चिडलेल्या पोराला कुठल्या भाषेत जवळ घेणार? आई अडखळत बोलायला लागली की मुलाशी बोलणंच कमी होतं, आणि त्याला तर जास्त बोलणं हवंय. आपल्या सीमाभागात पोरं घरात मराठी, दुकानात कन्नड, शाळेत इंग्लिश असंच वाढतात. ह्यालाही पुढे जमेल तेवढं जमेल. थेरपिस्ट कन्नड असल्या तरी हरकत नाही. पाणी, दे, नको, बस, झालं, शी, असे घरात वापरता ते शब्द कागदावर लिहून द्या आणि सेशनमध्ये हेच वापरा म्हणून सांगा. चित्रांची कार्डं दिली तर घाबरू नका, कार्डांमुळे बोलणं खुंटत नाही.

सेंटर निवडताना एकच विचारा: मी आत बसू का? नाही म्हणाले तर दुसरं बघा. महिनाभरात नेमकं काय शिकवणार ते सांगता आलं पाहिजे, 'सुधारेल' एवढं पुरत नाही. मारणं, बांधणं, अंधाऱ्या खोलीत ठेवणं, जबरदस्तीनं डोळ्यांत बघायला लावणं, ह्यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी सोडा. हात फडफडवत असेल तर फडफडवू दे, कुणाचं काय बिघडतं? आणि स्टेम सेलच्या नावानं कुणी लाखांत बोललं तर उठून या. ऑटिझमसाठी ते उपचार करू नयेत असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच सांगितलंय. पाच वर्षांनंतर काही होत नाही ह्यावरही विश्वास ठेवू नका. आमचा मुलगा दात घासायला अकराव्या वर्षी शिकला.

म्हणजे माझं म्हणणं असं: आठवड्यातून एक-दोनदा जा, शिकून या, बाकी दिवस घरी करा. निपाणीहून कोल्हापूर जवळ, तिथं चांगलं कुणी भेटलं तर तेच धरा. बेळगाव, धारवाडला जायचं तर कर्नाटकच्या साध्या बसला जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना प्रवास फुकट आहे. कोल्हापूरच्या आंतरराज्य बसला ती सवलत चालत नाही. धारवाडचं डिमान्स, म्हणजे मानसिक आरोग्याचं मोठं हॉस्पिटल, सरकारी आहे, एकदा सविस्तर तपासणीसाठी तिथं जाऊन यायला हरकत नाही.

कागद मात्र कर्नाटकातले करा, पत्ता इथला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करायचा, मग सरकारी दवाखान्यात तपासणी होते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त लागलं की बऱ्याच सवलती सुरू होतात, आणि ते कार्ड महाराष्ट्रातही चालतं. त्यानंतर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा काढा, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात ठरलेल्या मर्यादेत थेरपीचा खर्चही बसतो. फॉर्म कन्नडमध्ये आला तर अडून राहू नका. ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता असतो, तो भरून देतो, ते त्याचं कामच आहे. अंगणवाडीतही त्याला घालाच, सुरुवातीला अर्धा तास बसला तरी चालेल.

मोठ्या मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, हल्ली गप्प असते म्हणून. आठवड्यातून एक दुपार फक्त तिची ठेवा, भावाला आजीकडे सोडून. तिला थेरपिस्ट बनवू नका. आणि हे सगळं तुमच्या मोबाईलमुळे, तुमच्या शिवणकामामुळे झालं असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. ऑटिझमची मुळं बरीचशी जन्माआधीची असतात. शिवणकाम चालू ठेवा. रात्री झोप येईनाशी झाली, सारखं रडू यायला लागलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

एक राहिलं. कानाची तपासणी, बेरा म्हणतात ती, झाली का हे तुम्ही लिहिलं नाहीत. झाली नसेल तर थेरपीची फी भरायच्या आधी ती करून घ्या आणि रिपोर्ट काय आला ते इथंच कळवा.