"मॅगझिन काढलं होतं, मॅडम"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्या बाई म्हणाल्या, "मॅडम, आमच्या पोरानं उद्या कुणाचा जीव घेतला म्हणजे?"

पोरगं अकरा वर्षांचं. त्याला इथं शौर्य म्हणू या. (नावं आणि काही तपशील बदललेत. घरच्यांना विचारूनच लिहिते आहे.) तो बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसला होता. वडील शिरोली एमआयडीसीत एका मशिनशॉपमध्ये कामाला. ते बायकोच्या बोलण्यावर हसले. "पोरं खेळणारच की. आम्ही दिवाळीला टिकल्यांची पिस्तुलं उडवली. कोण डाकू झालं आमच्यातलं?"

आईकडं मात्र यादी तयार होती. वहीच्या मागच्या पानांवर बंदुकांची चित्रं. जोतिबाच्या यात्रेतून आणलेली प्लॅस्टिकची बंदूक उशाला घेऊन झोपणं. आणि वाढदिवसाला मामानं ऑनलाइन मागवून दिलेली ती काळी, हातात घेतल्यावर खरी वाटणारी एअरसॉफ्ट, म्हणजे प्लॅस्टिकच्या बारीक गोल गोळ्या उडवणारी बंदूक. ती आल्यापासून पोरगं गच्चीवरून खालीच येईना. "काही विचारलं की अंगावर येतो. सगळं त्या बंदुकीनंच झालंय."

मी मुलांची समुपदेशक. असे आईवडील माझ्याकडं वर्षातून चार-पाच तरी येतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकला आमच्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेला नेमबाजीत ब्राँझ मिळालं, त्यानंतर तर कोल्हापुरात प्रत्येक गल्लीत एक नेमबाज जन्माला आला. प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, की बंदुकीशी खेळून मूल हिंसक होईल का? तो विचारला गेला की उत्तर द्यायला मी तयारच असते. नेमकं तेच इथं नडलं.

माझं ठरलेलं उत्तर आजही बदललेलं नाही. लुटुपुटूची मारामारी वेगळी आणि खरी मारामारी वेगळी. खेळात मरणारा आणि मारणारा आलटून पालटून होतात, चेहऱ्यावर हसू असतं, आणि खेळ संपला तरी मैत्री शाबूत राहते. जो खेळतच नाही त्याच्यावर कुणी मुद्दाम नेम धरत असेल, कुत्र्यामांजरांना दुखवून मजा घेत असेल, समोरचा रडल्यावरही थांबत नसेल, तर मी कान टवकारते. शौर्यच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. तरीही पहिल्या दोन भेटी मी त्याच्या रागावर घालवल्या. राग कुठं जाणवतो, पोटात की डोक्यात, वगैरे. तो शहाण्यासारखी उत्तरं देत राहिला आणि मी ती वहीत उतरवत राहिले.

तिसऱ्या भेटीला, एका मंगळवारी, मातीचा बैल करता करता त्यानं विचारलं, "मॅडम, डोळ्यातलं रक्त आत गेलं की मेंदूत जातं का?"

मी हातातली माती खाली ठेवली.

हळूहळू बाहेर आलं ते असं. दोनच दिवसांपूर्वी, रविवारी दुपारी गच्चीवर तो आणि त्याचा चुलतभाऊ पार्थ. पार्थ नऊ वर्षांचा. काका-काकू खालच्या मजल्यावर राहतात, घर एकच. पाण्याच्या टाकीवर रिकामे डबे मांडून नेमबाजी चालली होती. शौर्यनं बंदुकीचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायचा कप्पा, काढलं, खिशात घातलं, आणि "हँड्स अप" म्हणत पार्थकडं बंदूक रोखून चाप ओढला. चार पावलांवरून. "मॅगझिन काढलं होतं, मॅडम. रिकामी होती." हे वाक्य तो मला तीनदा म्हणाला.

ती रिकामी नव्हती. या बंदुकांत मॅगझिन निघालं तरी एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी चढून बसलेली राहू शकते. मोठ्यांनाही हे ठाऊक नसतं. खोक्यातल्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण ते वाचतो कोण? पोरगं आपल्या परीनं जपूनच वागलं होतं, आणि तेवढं जपणं पुरेसं नव्हतं. त्याच्या आईनं माझ्यापुढं उभा केलेला तो 'जीव घेणारा' मुलगा मला आजतागायत सापडलेला नाही.

मग दोघांनी मिळून ठरवलं की चेंडू लागला म्हणून सांगायचं. काकूनं डोळ्यावर दुधाच्या घड्या ठेवल्या. संध्याकाळी लाली थोडी उतरली, पण पार्थला धुरकट दिसत होतं आणि तो ते कुणाला सांगत नव्हता, कारण शौर्यनं शपथ घातली होती. याला दोन दिवस उलटून गेले होते.

इथं समुपदेशकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असावी लागते. मुलानं विश्वासानं सांगितलेलं मी सहसा बाहेर नेत नाही, पण कुणाच्या जिवाला किंवा इंद्रियाला धोका असेल तर ते पोटात ठेवायचा अधिकार मला नाही. हे मी मुलांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवते, तसं त्यालाही सांगितलेलं होतं. "आता आपण दोघं मिळून फोन लावायचा. तू बोलतोस का मी बोलू?" तो म्हणाला, "तुम्ही." फोन उचलला वडिलांनी. पहिलं वाक्य अर्थात "हात मोडतो त्याचे" असंच आलं. मी म्हटलं, हात उद्या मोडा, आधी पार्थला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्या.

त्या संध्याकाळी मीही तिथं गेले. जायची गरज नव्हती, पण घरात काय पेटणार याचा अंदाज होता. डॉक्टरांनी यंत्रातून बघितलं आणि सांगितलं की बुबुळाच्या पुढच्या पोकळीत रक्त उतरलंय, तळाशी साकळलंय. हायफिमा म्हणतात त्याला. मग त्यांनी पार्थला विचारलं, "चेंडू नक्की केवढा होता, बाळा?" पार्थ शौर्यकडं बघायला लागला.

डॉक्टर आम्हाला म्हणाले ते माझ्या डोक्यात कायमचं बसलंय. डोळ्याभोवती हाडाची कड असते. टेनिसचा चेंडू साडेसहा सेंटिमीटरच्या वरचा, तो आला तर बराचसा मार ती कड झेलते. एअरसॉफ्टची गोळी ६ मिलिमीटरची, म्हणजे गावठी हरभऱ्याएवढी. तिला कड दिसतच नाही, ती थेट बुबुळावर जाते. म्हणून काय लागलं हे खरं सांगणं महत्त्वाचं. खोटं सांगितलं की तपासणीची दिशाच चुकते.

पुढचे पाच-सहा दिवस पार्थला डोकं उंच ठेवून पडून राहायला सांगितलं. डोळ्यावर कवच, थेंब, धावपळ बंद, आणि डॉक्टरांना न विचारता ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी द्यायची नाही, कारण अशा डोळ्यात पहिल्या काही दिवसांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असतो. डोळ्यातलं प्रेशर दररोज मोजायचं. रक्त विरघळलं, नजर परत आली. पण आत बसलेला मार कधी कधी पुष्कळ वर्षांनी काचबिंदूच्या रूपानं उगवतो. म्हणून वर्षातून एकदा तपासणी, मोठा झाला तरी.

ही झाली दवाखान्यातली बाजू. माझं काम त्यानंतर सुरू झालं.

घरात काकू बोलेना झाल्या होत्या. स्वयंपाकघर एक, चुली दोन झाल्या. आजोबा म्हणायचे, "मी आधीच सांगितलं होतं, कुणावर रोखलीस तर हात मोडीन." ते त्यांनी खरंच सांगितलं होतं, आणि दोन दिवस पोरं गप्प बसली ती नेमकी त्याच वाक्यामुळं. आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा ते चिडले. साहजिक आहे. पण धमकीनं बंदूक काही खाली येत नाही, आणि आलीच तर तिच्यासोबत खरं सांगणारं तोंडही बंद होतं. दोन दिवसांऐवजी दोन तासांत डॉक्टर गाठता आला असता, एवढंच मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शौर्यला मी पार्थच्या काकूंसमोर... छे, पार्थच्या आईसमोर, म्हणजे स्वतःच्या काकूसमोर बसवलं. माफी त्याच्या तोंडून फुटायला वीस मिनिटं लागली. त्या रडल्या, तोही रडला. चुली मात्र गणपतीतच एक झाल्या.

मग सगळं निवळल्यावर आईनं पुन्हा विचारलं, "मॅडम, पण ही बंदूक पोरांना द्यावी का नाही, ते सरळ सांगा ना."

खोकं मामानं जपून ठेवलं होतं. त्यावर ठळक अक्षरांत ३३० एफपीएस, म्हणजे गोळीचा वेग सेकंदाला ३३० फूट, आणि खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत १८ वर्षांपुढील. मी वडिलांना हिशेब मांडून दाखवला. गोळी ०.२० ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण १०० मीटर. म्हणजे १ ज्यूल ऊर्जा. ऐकायला काहीच नाही, १०० ग्रॅमचं वजन एका मीटरवरून पडावं तेवढंच. पण ते हरभऱ्याएवढ्या जागेवर पडतं. हा खेळ जिथं १९७० च्या दशकात रुजला त्या जपानमध्ये कायद्यानं मोठ्या माणसांच्या बंदुकीलाही ०.९८ ज्यूलची मर्यादा घातली आहे, आणि दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी तिथले उत्पादक ०.१३५ ज्यूलच्या वर जात नाहीत. खोक्यावरचं खरं धरलं, तर मामानं भाच्याला जपानी प्रौढालाही न चालणारी वस्तू दिली होती. प्रेमानं.

वडील गप्प झाले. मग मी विचारलं, "तुम्ही ग्राइंडरवर गॉगल न लावता उभे राहता का?"

"छे. सुपरवायझर ठेवंल का?"

"आणि गॉगल डोक्यावर सरकवून?"

ते हसले. कामावर हे सगळेच करतात. मला तेवढंच हवं होतं. जे आपण पगारासाठी पाळतो ते पोराच्या खेळासाठी पाळायला हवं, आणि खेळात ते कामापेक्षा अवघड असतं, कारण पोरं घामानं ओली झाली की पहिल्यांदा गॉगलच काढतात. परदेशात जिथं हा खेळ मैदानावर रीतसर चालतो तिथं खेळाच्या हद्दीत असेतोवर कुणीच, पंचसुद्धा, गॉगल काढत नाही. साधा नंबरचा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल यात धरायचा नाही. तो फुटून आतच जायचा. चारही बाजूंनी बसणारा, आदळआपटीसाठी बनवलेला, पॉलिकार्बोनेट नावाच्या मजबूत प्लॅस्टिकचा हवा. शिवाय पत्र्यावर, भिंतीवर, टाकीवर आपटून गोळी परत फिरते, त्यामुळं मारणाऱ्याच्याही डोळ्यावर तो हवा, आणि कपडे वाळत घालायला आलेल्या काकूच्याही.

म्हणून माझं सरळ उत्तर असं: गच्चीवर, गल्लीत, मोठं माणूस नसताना, अकरा वर्षांच्या हातात नाही. चौदा-पंधरापुढं, कमी ताकदीची, बंद जागेत, सगळ्यांच्या डोळ्यावर गॉगल आणि एक वैतागलेला मोठा माणूस सतत जवळ, तर बघू. यात्रेतल्या दीडशे रुपयांच्या बंदुकीला लोक निरुपद्रवी समजतात. तिची ताकद कमी, खरं आहे, पण चार पावलांवरून डोळ्याला ती ताकदही पुरते. आणि "मग पाण्यात फुगणाऱ्या जेलच्या गोळ्यांची बंदूक चालते का" हाही प्रश्न हल्ली हमखास येतो. डोळ्याचं भय तिथंही आहेच, पण घरात रांगतं मूल असेल तर त्याहून वाईट: त्या कोरड्या बारीक गोळ्या पोटात गेल्या तर पाणी पिऊन फुगतात आणि आतडं अडवू शकतात.

खऱ्यासारखं दिसणं हाही एक धोका आहे, तोही वडिलांना सांगितला. अमेरिकेत ओहायोतल्या क्लीव्हलंड शहरात नोव्हेंबर २०१४ मध्ये बारा वर्षांचा एक मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. नळीवरचं नारिंगी टोक, जे खेळणं ओळखू यावं म्हणून असतं, ते निघालेलं होतं. पोलिसाच्या गोळीनं तो गेला. आपल्याकडचे पोलीस आणि आपल्या गल्ल्या वेगळ्या, तरी त्या काळ्या पिस्तुलाला घेऊन रंकाळ्यावर फिरायला जाऊ नये, हे त्यांना पटलं.

बंदूक वडिलांच्या कपाटात गेली. मी फेकायला सांगितली नाही, कारण फेकली असती तर तिच्याबद्दलचं बोलणंही बंद झालं असतं. शौर्यला मात्र नेम धरायची खरोखरच आवड होती, ती त्या रविवारनंतरही गेली नाही. सहा महिन्यांनी वडील त्याला एका नेमबाजीच्या वर्गाला घेऊन गेले. पहिल्या दिवशी घरी येऊन पोरगं चिडलेलं. "सरांनी बंदूक दिलीच नाही. नुसतं उभं केलं. एक तास." चौथ्या दिवशी नळीत खोचायची रंगीत दोरी दाखवली. ती आरपार दिसली तरच रायफल रिकामी मानायची, नाहीतर भरलेलीच. ते सांगायला तो मुद्दाम माझ्याकडं आला होता. मॅगझिनचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मागं दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती.

"मॅडम, मी शौर्य. काकूच्या फोनवरून बोलतोय. पार्थचं प्रेशर मोजलं आत्ता."

"किती?"

"सोळा. एकवीसच्या आत पाहिजे असतं ना?"