ताई, पाठ तर होतं, पण पेपरात सुचत नाही!

प्रश्न : ताई, मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फार्मा अजिबात डोक्यात राहत नाही. रात्री औषधांची नावं, डोस, साइड इफेक्ट सगळं पाठ करते आणि सकाळी पाटी कोरी. त्यात ड्युटीवरून आलं की इतकी दमते की पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. सीनियर म्हणतात रट्टा मार, पास होशील. खरंच तेवढंच करू का?

उत्तर : रट्टा मारून इंटर्नल निघेल गं, पण पुढे लायसन्सच्या परीक्षेत तो कामाला येत नाही आणि वॉर्डात तर त्याहून नाही. मी स्वतः दुसऱ्या वर्षाला असताना एका पेशंटच्या औषधाचा डोस, रूट, वेळ सगळं घडाघडा म्हणून दाखवलं होतं आणि मॅडमनी एवढंच विचारलं की याला हे का दिलंय, तर तोंडातून शब्द फुटेना. पेशंट समोरच पडून ऐकत होता, ते मला अजून आठवतं. तेव्हापासून मी औषध एकटं वाचणं बंद केलं, कायम पेशंटला जोडूनच वाचायचं.

म्हणजे कसं ते बघ. हार्ट फेल्युअरचा पेशंट आहे, पाय सुजलेत, धाप लागतेय. अंगातलं पाणी कमी व्हावं म्हणून त्याला फ्युरोसेमाइड चालू आहे. लघवीवाटे पाणी जातं तसं पोटॅशियमही जातं, ते ३.५ ते ५ मध्ये असायला हवं ते खाली येतं. आता त्याच पेशंटला डिगॉक्सिन हे हृदयाचं औषधही चालू असेल तर? पोटॅशियम आणि डिगॉक्सिन हृदयाच्या पेशीवर एकाच जागेसाठी भांडतात, पोटॅशियम कमी पडलं की डिगॉक्सिनला मोकळं रान मिळतं आणि नेहमीच्याच डोसला टॉक्सिसिटी, म्हणजे औषधाची विषबाधा होते. मग मळमळ, भूक जाणं, सगळं पिवळसर दिसणं, पल्स मंदावणं. म्हणून डोस देण्याआधी एपिकल पल्स, म्हणजे छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकलेले ठोके, पूर्ण एक मिनिट मोजायचा, मोठ्या माणसात ६० च्या खाली असेल तर डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना कळवायचं. बघ, दोन औषधं, एक लॅब व्हॅल्यू, टॉक्सिसिटीची लक्षणं आणि नर्सचं काम एवढं सगळं एकाच गोष्टीत आलं, आणि यातलं काही तुला वेगळं पाठ करावं लागणार नाही.

नावांसाठी शेपटी धर. 'प्रिल'ने संपणारी बीपीची औषधं, म्हणजे एनालाप्रिल, रॅमिप्रिल, यांच्यात कोरडा खोकला येतो आणि पोटॅशियम वाढू शकतं. 'ओलॉल'वाली, मेटोप्रोलॉलसारखी, पल्स आणि बीपी खाली आणतात, दमा असेल तर जपून. आधी ग्रुप पक्का कर, मग त्यातलं जे औषध वेगळं वागतं तेवढंच लक्षात ठेव.

आणि तेच पान चार-चारदा वाचू नकोस. वाचलं की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, अडलं की मगच उघडून बघायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत परत वाचणारे पुढे होते, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने विचारलं तेव्हा न बघता आठवून काढणाऱ्यांच्या जास्त लक्षात होतं. तुझं रात्रीचं पाठ सकाळी का उडतं त्याचं उत्तर मला यातच दिसतं. ड्युटीवरून आल्यावर मात्र दोन तासांचं टार्गेट ठेवूच नको, त्या दिवशी सांभाळलेला एकच पेशंट घे, त्याची औषधं का चालू आहेत एवढं वीस मिनिटं लिही आणि झोप. झोप कापून केलेला अभ्यास टिकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या हातात कुणाचं तरी इंजेक्शन असतं.

प्रश्न : ताई, ड्रिपचं गणित दिसलं की घाम फुटतो. फॉर्म्युला येतो पण उत्तर चुकतं.

उत्तर : बहुतेक वेळा चूक तास आणि मिनिटांतच असते. १००० मिली ८ तासांत द्यायचंय, सेट २० थेंबांचा, म्हणजे एका मिलीत २० थेंब. आधी ८ तासांची ४८० मिनिटं कर. मग १००० गुणिले २० भागिले ४८०, म्हणजे ४१.६७, थेंब अर्धा पडत नाही म्हणून मिनिटाला ४२. मायक्रो सेट ६० थेंबांचा असेल तर अजून सोपं, तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. आणि उत्तर आलं की थांबून विचार कर, मिनिटाला ४०० थेंब असं काही आलं असेल तर ते डोळ्यांना दिसतंच ना! रोज दोन गणितं कर, महिन्याभरात भीती जाईल.

प्रश्न : ताई, मी एन्क्लेक्स, म्हणजे अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवायची परीक्षा, एकदा नापास झालेय. १५० प्रश्न आले तेव्हाच समजले की गेलं, कारण मैत्रिणीचं ८५ ला बंद झालं आणि ती पास. 'लागू पडतील ते सगळे निवडा' वाले प्रश्न तर नेहमी चुकतात. आता परत बसायची हिंमत होत नाहीये. घरी सगळे विचारतात.

उत्तर : आधी ते १५० चं मनातून काढ. कॉम्प्युटर तुझ्या प्रत्येक उत्तरावरून पुढचा प्रश्न निवडतो, आणि तू पासच्या रेषेच्या वर आहेस की खाली याची ९५ टक्के खात्री झाली की थांबतो. ८५ ला बंद होऊन नापास झालेलेही असतात आणि १५० ला पास झालेलेही. १५० पर्यंत गेलीस याचा अर्थ शेवटपर्यंत तू रेषेच्या जवळपासच होतीस, म्हणजे कमी पडलंय ते थोडंच. प्रश्न कायम अवघड वाटतात कारण तो तुझ्या लेव्हलचेच शोधत असतो, म्हणून परीक्षेत बसल्या बसल्या आपण पास की नापास हा हिशोब करायचाच नाही.

एप्रिल २०२३ पासून जी नवी पद्धत आलीय त्यात उत्तर अर्धवट बरोबर असलं तरी तेवढ्याचे मार्क मिळतात. सगळे निवडा वाल्या प्रश्नात बरोबर निवडलं की मार्क, चुकीचं निवडलं की त्यातून कापतात, शून्याच्या खाली मात्र जात नाही. म्हणून सगळ्यावर टिक मारू नकोस. एकेक पर्याय सुटा घे आणि विचार, हे या पेशंटला खरं आहे का, हो की नाही, बाकीच्या पर्यायांकडे बघायचंच नाही.

'आधी कुणाकडे जाशील' या प्रश्नांत बहुतेकजणी जास्त ओरडणाऱ्या पेशंटकडे जातात. समज चार जण आहेत, ऑपरेशननंतर दुखतंय म्हणणारा, शुगर १८० असलेला, सीओपीडीचा (फुफ्फुसाचा जुनाट आजार) ज्याचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० आहे, आणि थायरॉइडचं ऑपरेशन होऊन श्वास घेताना घर्र आवाज येणारा. सीओपीडीवाल्याचं ९० बघून हात तिकडे जातो, पण त्याच्यासाठी ते अपेक्षित आहे. थायरॉइडवाल्याचा श्वासमार्ग बंद होत चाललाय, आधी तिकडेच धावायचं. हा आजार असताना हे व्हायचंच का, की हे नवीन आहे, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारायची सवय लाव, माझ्या मते अर्धी परीक्षा यातच आहे.

रोज ५०-६० प्रश्न पुरेत, पण बरोबर आलेल्यांचंही स्पष्टीकरण वाच, कारण अंदाजाने बरोबर आलेलं परत चुकतं. चुकीच्या प्रश्नांची वही कर आणि त्यात का चुकलं तेच लिही, माहितीच नव्हती, की प्रश्न नीट वाचला नाही, की उत्तर बदललं. वेळ ५ तास असतो, मधली विश्रांती त्यातच धरलेली, आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, म्हणून घरीही तसंच बसून सराव कर.

घरच्यांना सांग की तारीख ठरली की मीच सांगेन, तोवर विचारू नका. हे सांगणं उद्धटपणा नाही. नापास झाल्यावर ४५ दिवसांनी परत बसता येतं, पण घाई नको. तुला जो रिपोर्ट मिळालाय त्यात प्रत्येक विषयापुढे पासच्या रेषेच्या वर, जवळ किंवा खाली असं लिहिलेलं असेल. 'खाली' आहेत तिथून सुरुवात कर, मग 'जवळ'वाले. कुठले आहेत ते मला लिहून पाठव, पुढच्या अंकात तेवढ्यावरच बोलू.