छाती स्वच्छ, तरी गुडघ्याचा क्षय?

प्रश्न : माझ्या पत्नीचा (वय ४२) उजवा गुडघा सात महिन्यांपासून सुजलेला आहे. मांडी बारीक झाली असून संध्याकाळी कणकण असते. एका दवाखान्यात संधिवात समजून गुडघ्यात दोनदा स्टेरॉईडचे इंजेक्शन दिले. सूज उतरली आणि पुन्हा वाढली. आता दुसरे डॉक्टर क्षयाची औषधे लगेच सुरू करू म्हणतात. परंतु खोकला नाही आणि छातीचा एक्स-रेही स्वच्छ आहे. घरात लहान मुले असल्याने काळजी वाटते.
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : छाती स्वच्छ आहे एवढ्यावरून सांध्याचा क्षय नाही असे ठरत नाही. क्षयाचे जंतू रक्तावाटे सांध्यात पोहोचून दीर्घकाळ सुप्त राहू शकतात, आणि अशा अनेक रुग्णांच्या फुप्फुसांत चालू रोगाची खूण सापडत नाही. एकाच मोठ्या सांध्याला हळूहळू वाढत गेलेली सूज आणि आटलेले स्नायू पाहता डॉक्टरांची शंका रास्त आहे.

तरीही, शक्य असताना तपासणी न करता वर्षभराची औषधे सुरू करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सांध्यातील पाण्यात जंतू इतके थोडे असतात की सूक्ष्मदर्शकाखाली ते बहुधा दिसत नाहीत. म्हणून सांध्याच्या आतील अस्तराचा तुकडा काढून त्याची पॅथॉलॉजी (पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी), सीबीनाट (जंतूंची जनुकीय तपासणी) आणि कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे) या तिन्ही तपासण्या कराव्यात. सीबीनाटमधून जंतूंबरोबरच रिफॅम्पिसिन हे क्षयाचे मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही काही तासांत कळते, तर कल्चरला सहा आठवडे लागू शकतात. एक गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठेवा : सगळा तुकडा फॉर्मॅलिन या जंतू मारणाऱ्या द्रावणात टाकला की कल्चर होत नाही, तेव्हा काही भाग सलाईनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. ही चूक झाली, तर रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागते.

निदान पक्के झाल्यास पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढे साधारण दहा महिने तीन औषधे द्यावी लागतात; ती सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. लघवी नारिंगी होणे निरुपद्रवी आहे. मात्र डोळे पिवळे दिसले किंवा दृष्टी अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि नेमकी तेव्हाच औषधे सुटतात. तसे होऊ देऊ नका. वेदना ओसरताच गुडघा वाकवण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करावा, नाहीतर रोग बरा होऊनही सांधा आखडतो. स्टेरॉईडचे इंजेक्शन आता पुन्हा घेऊ नये.

फुप्फुसांत रोग नसेल, तर सांध्याचा क्षय श्वासातून पसरत नाही. मुलांना आईपासून दूर ठेवण्याचे किंवा तिचे ताट-वाटी वेगळे करण्याचे कारण नाही.