स्थलांतरित कुटुंबांवर पहिलंच संशोधन करताय ना?

विषय छान आहे, पण 'स्थलांतराचा कुटुंबावर परिणाम' हा प्रश्न नाही, अख्खं शेत आहे. एक वाफा निवडा. उदाहरणार्थ, आईवडिलांना परकी भाषा येत नाही आणि मूलच दुभाषी होतं, तेव्हा घरात शब्द कोणाचा चालतो?

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- नवरा-बायकोशी वेगवेगळं बोला. एकत्र बसवलं की एक बोलतो, दुसरा मान डोलावतो. माझ्या पहिल्या सहा मुलाखती अशाच वाया गेल्या.
- मुलाला दुभाषी करू नका. आईचं दुखणं ते गाळतं, नाहीतर नको ते त्याच्या कानावर पडतं.
- गरज नसेल तर व्हिसा-कागदपत्रं विचारूच नका. टिपणात खरी नावं नकोत.

"किती पैसे पाठवता?" विचारलंत तर आकडा मिळेल. "मागच्या वेळी पाठवले तेव्हा काय काय झालं?" विचारा, फोन, रुसवेफुगवे, थकलेलं कर्ज, सगळं बाहेर येतं.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे मागे राहिलेल्यांना विसरणं. थॉमस आणि झ्नानिएत्स्की या समाजशास्त्रज्ञांनी 1918 ते 1920 दरम्यान छापलेल्या अभ्यासात अमेरिकेतले पोलिश स्थलांतरित आणि त्यांचे घरचे यांची पत्रंच वाचली होती. दुसरी चूक, सगळं 'त्यांची संस्कृतीच तशी' यावर ढकलणं. बाप मुलांशी बोलत नाही, कारण कदाचित तो रात्रपाळीला असतो!

सिद्धांत आणि सॉफ्टवेअर नंतर बघू. आधी दोन मुलाखती स्वतः उतरवून काढा, मधल्या गप्प जागांसकट.