फ्रेम नंतर, आधी हॉलचं पत्र हातात घ्या

ताई, तुमची पोस्ट वाचली. परभणीतला रविवारचा चित्रकला वर्ग, तीस मुलं, साठ चित्रं, दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन दिवसांचं प्रदर्शन. सरकारी सभागृहाचा अर्ज देऊन दीड महिना झाला, उत्तर एवढंच की ‘होऊन जाईल, साहेबांच्या कानावर घातलंय’. आणि तुम्ही विचारताय, चित्रं फ्रेमवाल्याकडे टाकू का? नका टाकू. पत्रिकाही छापू नका.

चित्रं कशी निवडायची, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. अडतं ते कागदावर.

आमच्याकडच्या एका कार्यालयाचं नाव घेत नाही, अजून तिथे कामं पडतात. तिथे अर्ज टेबलावर ठेवून घेतात, शिक्का मारत नाहीत. शेवटच्या आठवड्यात रजिस्टर उघडलं तर त्याच तारखांना दुसऱ्याच कुणाचं शिबिर, आणि वर आपल्यालाच प्रश्न, ‘अर्ज दिला होता का तुम्ही?’ पत्रिका वाटून झालेल्या असतात, फ्रेमचे पैसे गेलेले असतात. संताप येतो, पण हातात पोच नसेल तर भांडायलाही जागा राहत नाही.

म्हणून अर्जाच्या दोन प्रती काढा. सभागृह बघणाऱ्या बाबूकडे देऊ नका, आवक-जावक टेबलावर द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही घेतल्याशिवाय हलू नका. घेतच नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती फाईलला लावा. तरीही हालचाल नसेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार वापरा, त्या तारखांच्या आरक्षण नोंदवहीची प्रत मागा. उत्तराची मुदत 30 दिवसांची, तेव्हा करायचं तर आत्ताच करा. (मी वकील नाही. नियमही प्रत्येक ठिकाणी वेगळे, तिथली नियमावली एकदा वाचा.) तुमच्याकडे म्हणतात ना, ‘बनी तो बनी, नही तो परभणी’, हॉल त्या भरवशावर सोडू नका.

पत्र मिळालं की लगेच खूश होऊ नका, आत काय लिहिलंय ते बघा. ‘10 ते 12 तारखेस सभागृह देण्यात येत आहे’ असं असेल तर चौकीदार 9 तारखेला कुलूप काढणार नाही. साठ चित्रं सकाळी आठला लावायला घेऊन अकराच्या उद्घाटनाला तयार होत नाहीत. मांडणीची आदली संध्याकाळ आणि उतरवायचा शेवटचा अर्धा दिवस पत्रातच मागून घ्या. भिंतीवर खिळा चालेल की नाही, वीजबिल भाड्यात की वेगळं, रात्री किल्ली कुणाकडे, हेही लेखी. अर्जात ‘विक्री’ हा शब्द असला की बऱ्याच ठिकाणी व्यावसायिक दर लावतात. चित्रं खरंच विकणार असाल तर आधी दोन्ही दर विचारा, लपवाछपवी नको. निवडणूक जवळ असेल तर पर्यायी जागा धरूनच ठेवा. आचारसंहिता लागली की अशी सभागृहं निवडणुकीच्या प्रशिक्षणाला जातात.

आता लटकवण्याकडे. खिळ्याला बहुतेक नकारच मिळतो. मग लोक दुहेरी फोम टेप लावतात, आणि घात तिथेच होतो. डिस्टेंपरची भिंत धुळीने भुकटलेली असते. टेप दुपारपर्यंत धरतो, संध्याकाळी चित्र खाली. आणि न पडलेलं चित्र काढताना रंगाचा पापुद्रा निघतो, तो अनामतीतून वळता होतो. त्यापेक्षा मंडपवाल्याकडून आठ बाय चारचे प्लायचे उभे पॅनल घ्या.

हिशोब असा. 11 बाय 15 इंचांचं चित्र माउंट करून, म्हणजे भोवती जाड कागदाची चौकट लावून, साधारण 16 बाय 20 होतं. मध्ये सहा इंच जागा सोडली तर चार फुटांत दोन उभी चित्रं, दोन ओळींत चार, दोन्ही बाजू मिळून आठ. साठ चित्रांना आठ पॅनल पुरतात. दोन ओळींचा मध्य जमिनीपासून 57 इंचांवर धरतात, पण बघायला मुलंच जास्त येणार असतील तर चार-पाच इंच खाली घ्या. पॅनल पंख्याखाली सुटा उभा करू नका. दोन-दोन काटकोनात बांधा.

काचेचं माझं मत थोडं आगाऊ वाटेल, पण मुलांच्या प्रदर्शनाला काच लावूच नये. दोन मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला पाच किलो. 22 बाय 28 इंचांच्या फ्रेममध्ये नुसती काचच दोन किलो भरते, शिवाय डोक्यावरच्या ट्यूबलाइट तिच्यात दिसतात, चित्र दिसत नाही. मागे तीन मिलिमीटर सनबोर्ड (फोमचा हलका पुठ्ठा), पुढे दोन इंच काठाचं माउंट, एवढं पुरे. चित्र वरच्या कडेलाच दोन ठिकाणी कागदी गमटेपने अडकवा. सेलोटेप नको, उकाड्यात त्याचा गोंद सुटून कडेला पिवळा डाग पडतो. ऑइल पेस्टलला पालक हट्टाने काच लावणारच असतील तर मध्ये माउंट हवंच, नाहीतर रंग काचेला चिकटतो.

टांगायला जाड तंगूस (नायलॉनचा दोरा) घेतलात तर साधी गाठ घसरते. दुहेरी गाठ मारून टोक अर्धा इंच ठेवा.

अवांतर: एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांची मुलं वर्गात असतील तर त्यांची स्मरणचित्रं आणि संकल्पचित्रं एका पॅनलवर वेगळी लावा. दहावीच्या वाढीव गुणांपायी चौकशी करणारे पालक आधी तिथेच थांबतात, पुढच्या बॅचची नावं तिथूनच येतात.

आणि अनामत. ताबा घेताना चौकीदारासमोर चारही भिंतींचे, स्विचबोर्डचे, खुर्च्यांचे फोटो काढा. आधीची पोपडी नंतर आपल्या नावावर चढते. परत मागताना मूळ पावती लागते, झेरॉक्स चालवून घेत नाहीत. ती अर्जाला जोडण्याआधी तिचाही फोटो घ्या, आणि त्या अर्जावरसुद्धा आवक क्रमांक घ्याच.