थ्रॉटल बॉडी चार वेळा साफ झाली, पण मुदत कोणी मोजली?

सांगलीच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्याहून साडेनऊ लाखांची पेट्रोल गाडी घेतली. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. जून २०२३ पासून गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरते, आरपीएमचा काटा ५०० ते १००० मध्ये खालीवर होतो, एसी चालू असेल तर कधी बंदच पडते. अधिकृत सर्व्हिस सेंटरने चार वेळा थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली, दोनदा ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, सॉफ्टवेअर अपडेट केलं. दर वेळी महिना-दीड महिना बरं, मग पुन्हा तेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये वॉरंटी संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये थ्रॉटल बॉडी बदलण्याचं ३८ हजारांचं एस्टिमेट हातात पडलं. ‘वॉरंटी संपली, आता केस होते का? नवी गाडी मागता येईल का?’

कधी इंजिन असतं, कधी गिअरबॉक्स, कधी टचस्क्रीन, पण अशी पत्रं सतत येतात आणि प्रत्येकाला भीती असते ती वॉरंटीची. वॉरंटीच्या काळात नोंदवलेला आणि न सुटलेला बिघाड वॉरंटी संपली म्हणून ग्राहकाच्या गळ्यात मारता येत नाही, हे सहसा मांडता येतं. तुमच्या वॉरंटीपत्रकातल्या अटी वाचल्याशिवाय याहून ठाम बोलणार नाही. तुमचं प्रकरण तरेल की बुडेल हे ठरणार आहे ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम ६९ वर. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी ग्राहक आयोगाने मुदत स्वतःहून तपासायची, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातल्या अशाच कलमाबद्दल २००९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता तारखा लावा. कंपनीचे वकील म्हणणार, दोष जून २०२३ मध्येच कळला होता, म्हणजे मुदत जून २०२५ मध्ये संपली. तोवर तुम्ही काय करत होतात? मेल पाठवत होतात. तुमच्याच पत्रात आहे की कस्टमर केअरला ‘असंख्य’ मेल गेले आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. चांगलं केलंत, पण मेल, हेल्पलाइन, वकिलाची नोटीस यांपैकी कशानेही मुदतीचं घड्याळ थांबत नाही. ‘वरिष्ठांकडे पाठवलंय, कळवतो’ एवढ्या उत्तरावर वर्ष घालवलेली माणसं मी पाहतो तेव्हा राग येतो, कारण त्यांची बाजू खरी असते आणि तरी ती दारातच अडते.

तुम्ही पाठवलेले जॉब कार्डचे, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना सर्व्हिस सेंटर भरतं त्या कागदाचे, फोटो मी नीट पाहिले. जून २०२३ च्या कार्डावर तक्रारीच्या रकान्यात ‘जनरल चेकअप’ लिहिलंय. डिसेंबर २०२३ च्या कार्डावर ‘पिकअप कमी’. आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं चालणं) हा शब्द पहिल्यांदा येतो तो ऑगस्ट २०२४ मध्ये: ‘आयडलिंग अनस्टेबल, थ्रॉटल बॉडी क्लीन, ईसीयू अपडेट’. मार्च २०२५ च्या चौथ्या कार्डावर पुन्हा तेच. अ‍ॅडव्हायझरने काय खरडलं ते न वाचता तुम्ही पहिल्या दोन्ही कार्डांवर सही केलीत. त्यामुळे दोष पहिल्या वर्षापासूनचा आहे हे दाखवायला तुमच्याकडे आज कागद नाही. त्या काळातले मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप असतील तर शोधा.

म्हणून तक्रारीचा पाया बदला. ‘गाडीत उत्पादनदोष आहे, नवी द्या’ असं लिहिलंत की तुम्ही स्वतःच वादाचं कारण २०२३ मध्ये नेऊन ठेवता. तुमचं खरं दुखणं सेवेतली त्रुटी आहे: वॉरंटीत नोंदवलेला बिघाड मुळापासून शोधला नाही, आणि जानेवारी २०२६ मध्ये मोफत दुरुस्ती नाकारली. नकाराची तारीख हे ताजं कारण आहे. मात्र आयोग ते मानेलच असं नाही, म्हणून मार्ग दोन ठेवा. ज्या कार्डावर दोष स्पष्ट लिहिलाय त्या ऑगस्ट २०२४ पासून दोन वर्षं मोजा आणि ऑगस्ट २०२६ च्या आत तक्रार दाखल करा. सोबत विलंबमाफीचा वेगळा अर्ज जोडा. त्यात प्रत्येक भेटीची तारीख आणि त्या वेळी मिळालेलं आश्वासन लिहा. ‘ते फिरवत राहिले’ एवढ्यावर विलंब माफ होत नाही. जून २०२३ लपवू नका. प्रतिज्ञापत्रावर खोटं सांगितलंत तर उरलेलं खरंही कोणी ऐकणार नाही.

नव्या गाडीची आशा सोडा. वॉरंटी सदोष भाग बदलण्यापुरती असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटलं आहे. भाग मोफत बदलून द्यावा, त्या भागावर नव्याने वॉरंटी द्यावी, झालेला खर्च आणि त्रासाची भरपाई द्यावी, एवढं मागा.

सेवेतली त्रुटी सिद्ध होईल ती दुरुस्तीच्या तपशिलातून. थ्रॉटलच्या पाकळीवर कार्बन साचला की आयडलिंग बिघडतं, साफ केलं की सुधारतं, इथवर ठीक. पण इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाला, कुठे हवा गळत असेल, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारी झडप) अडकत असेल किंवा थ्रॉटलची मोटर झिजली असेल, तर सफाईने काही दिवस झाकलं जातं, एवढंच. गळती शोधायला स्मोक टेस्ट, म्हणजे आत धूर सोडून तो कुठून निघतो ते पाहण्याची चाचणी, केली का? सफाईनंतर ईसीयूला आयडल पुन्हा शिकवलं का? हे लेखी विचारा. तीच सफाई चौथ्यांदा करणाऱ्याला मूळ कारण का शोधलं नाही, याचं उत्तर द्यावं लागेल. ‘पेट्रोल खराब’ म्हणाले तर तपासणीचा अहवाल मागा.

ईसीयूने साठवलेले, स्कॅनरवर दिसणारे बिघाडाचे कोड पुसले की त्यांच्यासोबत साठवलेली फ्रीझ फ्रेमची, म्हणजे बिघाडाच्या क्षणी इंजिनाची स्थिती काय होती याची, नोंदही जाते. अपडेट करतानाही कोड बहुधा पुसतात. त्यामुळे आता तिसऱ्यांदा अपडेट करू देऊ नका. आधी कोडचा छापील अहवाल आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक घ्या. पी०५०६ किंवा पी०५०७ दिसला तर आयडल अपेक्षेपेक्षा कमी किंवा जास्त असल्याची नोंद गाडीनेच केलेली आहे. मधे तुम्ही गल्लीतल्या गॅरेजमध्ये एकदा सफाई करून घेतलीत, ते कंपनी उचलून धरणार. ते बिल तुम्हीच आधी सादर करा.

तक्रार सांगलीतच, जिल्हा ग्राहक आयोगात करता येते; तक्रारदार राहतो तिथे दाद मागण्याची सोय नव्या कायद्यात आहे. साडेनऊ लाखांच्या खरेदीवर शुल्क २०० रुपये. विक्रेता, सर्व्हिस सेंटर आणि कंपनी तिघांनाही सामनेवाले, म्हणजे तक्रारीतले विरुद्ध पक्ष, करा. कंपनीला आधी स्वतंत्र नोटीस पाठवा, कारण गोव्यातल्या एका गाडीच्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्याच्या चुकीसाठी कंपनीला जबाबदार धरलं नाही; कंपनीला ते ठाऊक असल्याचा पुरावाच नव्हता.

कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तसं होत नाही. अध्यक्ष-सदस्यांची पदं रिकामी राहतात, तारखांवर तारखा पडतात, आणि त्याचा भुर्दंड तुमच्यासारखाच माणूस भरतो. तोवर भर चौकात बंद पडणारी गाडी चालवू नका. सरकारी तंत्रनिकेतनातल्या ऑटोमोबाइलच्या प्राध्यापकांकडून किंवा परवानाधारक सर्व्हेअरकडून तपासणी करून लेखी अहवाल घ्या. मग ३८ हजार भरून भाग बदला, पण पावतीवर ‘हक्क राखून, निषेध नोंदवून रक्कम भरत आहे’ असं लिहा आणि काढलेली जुनी थ्रॉटल बॉडी मागून घरी आणा. गाडी घेताना ‘समाधानी’च्या चौकटीत खूण मागतील. ती करू नका.